खिशातली चार अक्षरे

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडात साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. जिन्याच्या पायऱ्या तो रोज मोजतो. दारातल्या चपला भिंतीशी एका रेषेत लावतो. कोणी एक हलवली, की सगळ्या पुन्हा लावायला घेतो. बोलतो फार थोडे. बालाजीच्या देवळातली घंटा वाजली, की कान झाकून घेतो. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झालेले आहे. मार्चमध्ये त्याची आई विचारायला आली. "ताई, जूनमध्ये शाळा. दोन ठिकाणी नको म्हणाले. तिसरीकडच्या बाई घ्यायला तयार आहेत, पण तयारी करून आणा म्हणतात. म्हणजे नेमके काय करू?"

मी संशोधक आहे, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एकाने कसा हाताळला, ते मला ठाऊक होते. तेच तिला आधी सांगितले.

सन १८०० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात, रानात एकटा राहिलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला बोलता येत नव्हते. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत त्याला आणले, तेव्हा पिनेल या नामवंत मनोविकारतज्ज्ञाने सुधारण्याची आशा नाही असे मत दिले. झां ईतार या पंचविशीतल्या डॉक्टरला ते पटले नाही. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिले आणि सुमारे पाच वर्षे शिकवले. (रोजचे खाणे, आंघोळ, फिरणे मादाम गेरँ या बाईंनी सांभाळले. त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.)

व्हिक्टरला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागे. ईतारने ही खोड मोडली नाही, उलट तिच्यापासूनच धडा सुरू केला. फळ्यावर किल्ली, कात्री, हातोडी अशा वस्तूंची चित्रे काढली आणि त्या त्या चित्रावर खरी वस्तू टांगली. वस्तू काढून घेतल्या, की व्हिक्टर त्या बिनचूक परत लावी. मग ईतारने चित्रांच्या जागा बदलल्या. व्हिक्टरने वस्तू जुन्याच क्रमाने लावल्या! तो चित्राकडे पाहतच नव्हता, जागा लक्षात ठेवत होता. ईतारने वस्तू वाढवल्या, जागा पुन्हा पुन्हा बदलल्या. शेवटी आठवण पुरेना आणि मुलाला चित्र पाहावे लागले. वर्गात पाठांतर आणि आकलन यांत आपली गल्लत होते, तेव्हा हा फळा आठवावा.

पुढे अक्षरे आली. दुधाला फ्रेंचमध्ये चार अक्षरांचा शब्द आहे. धातूची ती अक्षरे जुळवायला व्हिक्टर शिकला. वेधशाळेजवळच्या एका ओळखीच्या घरी तो रोज दूध प्यायला जाई. एका संध्याकाळी निघताना, कोणी न सांगता, त्याने ती अक्षरे खिशात टाकली आणि तिथे पोचताच टेबलावर मांडली. बोलणे मात्र त्याला जवळजवळ आलेच नाही. ईतार निराश झाला. १८२८ मध्ये व्हिक्टर वारला. तो स्वमग्न असावा, असे उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे. इतक्या जुन्या माणसाचे निदान जपूनच घ्यावे, पण मला ते पटण्यासारखे वाटते.

ईतारची साधने सेगँ याने वाढवली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये मतिमंद मुलांना शिकवले आणि त्यानंतर या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवले. १९०७ मध्ये त्यांनी तीच रीत कामगारवस्तीतल्या सर्वसाधारण मुलांसाठी वापरली. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. बालवाडीतली खरखरीत अक्षरे आणि खाचेत बसणारे ठोकळे हा असा प्रवास करून आले आहेत. ज्या मुलांसाठी ही साधने निघाली, त्यांनाच पुढे बालवाडीच्या दारात अडवले गेले. मुंबईतली जय वकील शाळाही १९४४ मध्ये एका आईवडिलांना आपल्या मुलीसाठी काढावी लागली.

स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरला १९४३ मध्ये अकरा मुलांवरून केले. त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपीत एका शेतकरी जोडप्याकडे राहत असे. मक्याच्या ओळी मोजण्याचा त्याला नाद होता. त्या जोडप्याने त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हटले. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले, तेव्हा तो घोडा आणि नांगर छान सांभाळत होता. खेड्यातल्या शाळेने त्याच्या लकबी चालवून घेतल्या होत्या आणि अभ्यासही बरा चालला होता. डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला.

याच कॅनरनी पुढे आईवडिलांच्या थंडपणाकडे बोट दाखवले आणि ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ केला. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दिसला, तेव्हा हा आरोप लंगडा पडला. आमच्या गॅलरीत तो अजून ऐकू येतो. आता त्यात मोबाइल आला आहे, इतकेच. एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर जे काम उभे केले, त्यात आईवडील शिक्षकांचे भागीदार असतात आणि दिवसाचा क्रम मुलापुढे चित्रांनी मांडलेला असतो. ईतारचा फळाच तो!

आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आली. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेला आता अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. हे त्या दोन शाळांना सांगायला आई गेली नाही. तिच्याजवळ तेवढी ताकद उरली नव्हती.

तिने फोटो काढले: जिना, देऊळ, कोपरा, शाळेचे फाटक, बाईंचा चेहरा, बाक, डबा, घंटा आणि शेवटी ती स्वतः. पुठ्ठ्यावर वरून खाली लावले. मे महिन्यात रिकाम्या शाळेत ती त्याला चार वेळा घेऊन गेली. मी एकच भर घातली. क्रम पाठ झाला, की देवळाच्या जागी दुसऱ्या गल्लीचा फोटो लाव, म्हणजे त्याला पुठ्ठ्याकडे पाहावे लागेल. पहिल्यांदा त्याने रडून चाळ डोक्यावर घेतली. तिसऱ्यांदा पाहिले आणि गेला. घंटा व्हायच्या आधी बाईंनी त्याच्यासमोर हात वर करायचा, असे ठरले.

पहिल्या दिवशी तो अर्धा तास बसला. बाईंनी पुढच्या आठवड्यात पाऊण तास ठरवला आहे. घंटेचा फोटो मात्र तो फाडतो. सध्या चौथा चिकटवलेला आहे.