कॉर्सिकाचे बुरूज

पश्चिम भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटाचा पश्चिम किनारा पाहावयाचा असेल, तर तो समुद्रावरूनच पाहावा. किनाऱ्याच्या बाजूने रस्ता आहे. परंतु डोंगर थेट पाण्यात उतरलेले असल्यामुळे तो पुष्कळदा आत वळतो आणि उत्तम स्थळे दृष्टिआड होतात. म्हणून कालव्ही बंदरातून निघून दक्षिणेस बोनिफाचोपर्यंत जाणाऱ्या लहान जहाजांना प्रवाशांची मोठी पसंती असते. हजारो उतारूंची प्रचंड जहाजे दूरच्या खोल पाण्यातून निघून जातात. ही छोटी जहाजे मात्र कड्यांच्या सावलीतून चालतात, आणि बोनिफाचोच्या चुनखडीच्या कड्यांमधील अरुंद खाडीतही शिरतात. मुंबईहून रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग करीत जाणाऱ्या आगबोटींचा प्रवास ज्यांनी केला असेल, अथवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांना पाण्यावरून दिसणारा किनारा आणि जमिनीवरून दिसणारा किनारा ह्यांत किती अंतर असते हे सांगावयास नको.

ह्या प्रवासात प्रथम स्कांदोलाचे ज्वालामुखीजन्य लाल खडक लागतात, मग जिरोलाताचे आखात, त्यापुढे पोर्तोचे आखात आणि पियानाचे ग्रॅनाइटचे सुळके. १९८३ साली ह्या सर्व टापूचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. परंतु ह्या निसर्गशोभेत एक मानवी वस्तू पुनःपुन्हा दिसत राहते. प्रत्येक भूशिरावर एक दगडी बुरूज उभा असतो. बहुधा वाटोळा, पोर्तोसारख्या ठिकाणी चौकोनी. पोर्तोच्या आखाताच्या दक्षिण टोकास कापो रोस्सो नावाचे भूशीर आहे; तेथील बुरूज तर समुद्रापासून तीनशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वाटाड्या 'जेनोवाचा बुरूज' एवढेच सांगतो आणि जहाज पुढे जाते. ह्या किनाऱ्याचा इतिहास मात्र त्या बुरुजांतच साठलेला आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस जेनोवाने पिसाच्या आरमाराचा पराभव केला आणि कॉर्सिकावर त्या व्यापारी प्रजासत्ताकाचे वर्चस्व प्रस्थापित झाले. बंडाळ्यांनी त्रासलेल्या जेनोवाने १४५३ साली बेटाचा कारभार चक्क एका पेढीच्या हाती सोपविला. तिचे नाव सेंट जॉर्जची पेढी. राज्य चालविणारी ही पेढी हिशेबी होती, परंतु तिच्या वहीत न बसणारे एक संकट सोळाव्या शतकात वाढत गेले. उत्तर आफ्रिकेतील अल्जियर्स, ट्यूनिस इत्यादी बंदरांतून चाच्यांची गलबते निघत, पहाटेच्या अंधारात एखाद्या निर्जन आखातात माणसे उतरवीत, आणि गाव जागा होण्यापूर्वी बायका-मुले, गुरेढोरे घेऊन पसार होत. धरलेली माणसे गुलामांच्या बाजारात विकली जात, किंवा खंडणीच्या आशेने वर्षानुवर्षे डांबून ठेवली जात. हा व्यवहार एकतर्फी नव्हता. जेनोवाच्या व माल्टाच्या गलबतांवरही मुसलमान कैदी साखळदंडांनी बांधून वल्ही मारीत असत. पण कॉर्सिकाच्या धनगराला वा शेतकऱ्याला ह्या तुलनेचे समाधान थोडेच मिळणार होते!

तेव्हा १५३० च्या सुमारास बुरुजांची साखळी उभारावयाचे ठरले, आणि पुढील नव्वद वर्षांत बेटाभोवती सुमारे ८५ बुरूज बांधले गेले. त्यांपैकी साठांहून अधिक आजही उभे आहेत. रचना साधी होती. तळाशी पाण्याचा हौद वा कोठार, त्यावर राहण्याची खोली, आणि सर्वांत वर गच्ची. दरवाजा जमिनीपासून बराच उंच. शिडी लावून आत जावयाचे आणि शिडी वर ओढून घ्यावयाची. एका बुरुजावरून शेजारचा बुरूज दिसलाच पाहिजे, हा मुख्य नियम होता. गलबत दृष्टीस पडताच गच्चीवर जाळ करावयाचा, शंख फुंकावयाचा. शेजारचा बुरूज तोच इशारा पुढे पाठवी, आणि रानातले धनगर व शेतातली माणसे डोंगराकडे धाव घेत.

बुरुजावर दोन ते सहा पहारेकरी असत. त्यांच्या नोकरीच्या अटी वाचताना बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्या वाचकास त्यांच्याविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. बुरूज सोडून जावयाचे ते फक्त शिधा आणि पगार आणण्यासाठी, तेही दोन दिवसांहून अधिक नाही, आणि एका वेळी एकानेच. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर विस्तव दाखवावयाचा. जवळून जाणाऱ्या खलाशांस समुद्र निर्वेध आहे की नाही हे सांगावयाचे. वेतन तुटपुंजे आणि अनियमित. खर्चाचा बोजा मुख्यतः बेटावरील रहिवाशांवरच होता, आणि दुरुस्ती कोणी करावयाची ह्यावरून गावकरी व अधिकारी ह्यांच्यात सदैव तंटे चालत. चाचे आले की पहिला घाव ह्या पहारेकऱ्यांवर पडे. अनेक वर्षे काही घडले नाही म्हणजे त्यांचा पगार उधळपट्टी वाटे. काही घडले म्हणजे त्यांची गफलत निघे. रोज क्षितिजाकडे पाहणे आणि तेथे काही दिसू नये अशी प्रार्थना करणे, हे त्यांचे जीवन होते.

जिरोलाताच्या आखातात आज लहान जहाजे हटकून थांबतात. ह्या खेड्याला अद्याप मोटाररस्ता नाही. बोटीने यावे किंवा डोंगरातून पायी. तेथल्या एकांताची प्रवाशांना मोहिनी पडते. चाच्यांनाही तो एकांतच मोलाचा वाटत असे. १५४० साली तुर्की दर्यावर्दी तुर्गुत, ज्याला युरोपीय लोक द्रागुत म्हणत, तो येथेच अनपेक्षितपणे कोंडीत सापडला. जेनोवाचा नामांकित सेनानी आंद्रेआ डोरिया ह्याचा आप्त जानेत्तिनो डोरिया ह्याने त्यास पकडले आणि वल्ह्यास जुंपले. चार वर्षांनी बार्बारोसाने खंडणी भरून त्याची सुटका केली. त्यानंतर जेनोवाने जिरोलातास किल्ला बांधला. परंतु १५५३ मध्ये हाच द्रागुत फ्रेंचांचा मित्र म्हणून परत आला आणि त्याने बोनिफाचोस वेढा घालून ते घेतले. १५८३ मध्ये तर चाचे समुद्रापासून आत असलेल्या सार्तेन गावापर्यंत पोहोचले आणि चारशेच्या आसपास माणसे घेऊन गेले. बुरूज इशारा देऊ शकत. संरक्षण करण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

पळवून नेलेल्यांपैकी फारच थोडे परतले. काहींनी तिकडेच नवे आयुष्य मांडले. बालपणी धरून नेलेला एक कॉर्सिकन मुलगा पुढे हसन कोर्सो ह्या नावाने अल्जियर्सच्या सत्तेवर चढला आणि १५५६ साली तेथील सत्तास्पर्धेत मारला गेला. अशा अपवादाने घरच्या माणसांचे दुःख कमी झाले नसेल. त्यांनी शहाणपणा केला तो एवढाच, की समुद्राकडे पाठ फिरविली. गावे डोंगरावर वसली. सपाट किनारे ओस पडले. पूर्व किनाऱ्यावर हिवतापाचीही भर होती, आणि ती पीडा थेट दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्याने डीडीटीची फवारणी केल्यानंतर, आटोक्यात आली. एवढे मोठे बेट आणि त्याच्या किनाऱ्यावर इतकी तुरळक वस्ती कशी, असा प्रश्न प्रवाशास पडतो. ती निर्जनता निसर्गाची देणगी नसून काही अंशी भयाची ठेव आहे.

ह्या बुरुजांच्या कथेचे अखेरचे पर्व त्यांच्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. १७६८ साली जेनोवाने बेटावरील आपले हक्क फ्रान्सच्या हवाली केले. पास्काल पाओलीचे स्वतंत्र कॉर्सिकाचे राज्य पुढल्या वर्षी पोंते नोव्होच्या लढाईत मोडले, आणि त्याच १७६९ साली आजाक्सिओ गावी नेपोलियनचा जन्म झाला. १७९४ साली बेटाच्या उत्तरेस सेंट फ्लोरेंटच्या आखातात इंग्रजांच्या दोन युद्धनौकांनी मोर्तेल्लाच्या जुन्या बुरुजावर तोफा डागल्या. मूठभर शिबंदीने ७४ तोफांच्या 'फॉर्टिट्यूड' जहाजास मोठी हानी सोसून माघार घ्यावयास लावली. जमिनीवरून तोफा लावल्यावरच बुरूज पडला. इंग्रजांनी हा धडा मनावर घेतला, आणि दहा-अकरा वर्षांनी नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याच धर्तीचे बुरूज उभारले. त्यांस ते 'मार्टेलो' म्हणू लागले. कॉर्सिकन माणसाने आपल्या रक्षणासाठी बांधलेली वस्तू, एका कॉर्सिकन माणसाच्याच धास्तीने परदेशी गेली.

१८३० साली फ्रान्सने अल्जियर्स घेतले आणि चाच्यांचे भय इतिहासजमा झाले. बुरुजांना काम उरले नाही. परंतु भयाने ओस ठेवलेल्या किनाऱ्यावर इतरत्र नामशेष झालेले पुष्कळ काही टिकून राहिले होते. मासे धरणारी ऑस्प्रे नावाची घार त्यांपैकी एक. १९७० नंतरच्या वर्षांत कॉर्सिकात तिच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. १९७५ साली स्कांदोला संरक्षित झाल्यावर त्यांची संख्या वाढली. अलीकडे मात्र अभ्यासकांना असे आढळले, की उन्हाळ्यात खडकांजवळ येणाऱ्या प्रवासी नौकांच्या गर्दीमुळे ह्या पक्ष्यांची वीण पुन्हा घटली आहे. पिलांसाठी मासे आणणारी घार नौका दिसताच बिचकते आणि घरट्यापासून दूर राहते. आता विणीच्या दिवसांत घरट्यांभोवती नौकांना मज्जाव करावा लागतो.

म्हणजे समुद्रावरून येणाऱ्यांवर नजर ठेवण्याचे काम त्या किनाऱ्यावर आजही संपलेले नाही. येणारा आता सौंदर्याच्या ओढीने येतो, हातात साखळदंड घेऊन येत नाही, हा भेद लहान नव्हे. तरीही लहान जहाजाच्या कठड्याशी उभे राहून त्या बुरुजांकडे पाहताना आपण कोणत्या बाजूने आलो आहोत, ह्याचे भान प्रवाशाने ठेवावे. त्या गच्चीवरून कित्येक पिढ्यांनी ह्याच पाण्याकडे पाहिले, आणि जहाजाचे शीड दिसताच त्यांच्या पोटात गोळा उठला. तेवढी जाणीव बरोबर असेल, तर जहाज कड्यापासून थोडे दूर उभे राहिले म्हणून प्रवाशाची तक्रार असू नये.