सूर्यावर पीएचडी : शहापूर-मुरबाडहून हा रस्ता कुठे जातो?

सूर्यावरचं संशोधन म्हटलं की इस्रो किंवा नासा आठवते. पण शहापूरची मुलं आसनगावहून लोकलने ज्या कल्याणला जातात, तिथेच १९६५मध्ये सूर्याचा वेध घेणारी रेडिओ दुर्बीण उभी राहिली होती.

कल्याणला नेमकं काय होतं?

स्टॅनफर्डहून पीएचडी करून आलेले डॉ. गोविंद स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. ऑस्ट्रेलियाने भारताला दिलेल्या ३२ जुन्या तबकड्या त्यांच्या गटाने इथे बसवल्या. एकेक तबकडी जेमतेम १.८ मीटरची. ६१० मेगाहर्ट्झवर एवढ्याशा तबकडीला सूर्याच्या सुमारे तीसपट रुंद आकाश एकदम 'दिसतं', त्यामुळे सूर्यावरचं काहीच वेगळं काढता येत नाही. म्हणून २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या रांगेत आणि ८ उत्तर-दक्षिण लावल्या. सगळ्यांचे संदेश एकत्र केले की रांगेच्या लांबीइतक्या दुर्बिणीचे बारकावे मिळतात. शिवाय या लहरींना ढग आडवे येत नाहीत; ठाणे जिल्ह्याच्या पावसाळ्यात ही मोठीच सोय.

फोटोत सूर्याची कड मध्यापेक्षा फिकी दिसते. कल्याणला उलट दिसलं: शांत सूर्याची कड जास्त उजळ. प्रभामंडळाचं, म्हणजे कोरोनाचं, तापमान सुमारे १० लाख अंश निघालं. खालचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा. वरचा थर इतका तापतो कसा, हे कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही. पीएचडीला विषय उरलेत ते असे.

आज हे काम कुठे चालतं?

मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात गेलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती चालवणारी एनसीआरए पुण्यात आहे. तिथल्याच आयुकाच्या पुढाकाराने आदित्य-एल१ वरची 'सूट' दुर्बीण तयार झाली. ती अतिनील किरणांत सूर्य पाहते. ग्रहविज्ञानासाठी अहमदाबादची पीआरएल.

प्रवेश कसा?

बारावीनंतर भौतिकशास्त्रात बीएस्सी, मग 'जॅम' देऊन किंवा विद्यापीठातून एमएस्सी, त्यानंतर 'जेस्ट' किंवा 'नेट'. जवळच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र आहे का, हे प्रवेशाआधीच विचारावं. वाट बहुतेकदा इथेच अडते.

घरच्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. 'नेट'मधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा.