सात दिवसांची मुदत

२९ जानेवारी १९२२, बारडोली. विठ्ठलभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली तालुका परिषद सामुदायिक कायदेभंगाचा ठराव करते.

१ फेब्रुवारी. गांधीजी इथूनच व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगना लिहितात: सात दिवसांत धोरण बदला, नाहीतर बारडोली लढ्यात उतरेल. त्याच सुमारास दूर गोरखपूर जिल्ह्यात मुंडेऱ्याच्या बाजारात फौजदार गुप्तेश्वर सिंह भगवान अहिर या पेन्शनर शिपायाला मारतो.

४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ. डुमरीत स्वयंसेवक जमतात. मारहाणीचा जाब विचारायचं ठरतं.

दुपार. जमाव चौरीचौरा ठाण्यासमोर. पोलीस गोळ्या झाडतात, माणसं पडतात. लोक रुळांमधली खडी उचलतात. पोलीस ठाण्यात शिरून दारं लावून घेतात.

तिसरा प्रहर. रॉकेल, मग आग. वीसहून अधिक पोलीस मरतात.

७ फेब्रुवारी. बारडोलीहून सरकारला प्रत्युत्तर जातं, लढ्याच्याच भाषेत.

८ फेब्रुवारी. बातमी पोचली आहे. गांधीजी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना बोलावणं धाडतात. देवाने आपल्याला तिसऱ्यांदा बजावलं, असं ते पुढे लिहितात. १९१९चा हिंसाचार आणि १९२१ची मुंबईची दंगल हे आधीचे दोन इशारे.

जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकात कोरह मोशेविरुद्ध बंड करतो. उद्या सकाळी निवाडा होईल, असं मोशे सांगतो. सकाळी धरणी दुभंगते, त्याचे साथीदार दाथान आणि अबीराम तंबूंसकट गडप होतात, धूप जाळणारे २५० जण आगीत भस्म होतात. पण त्याआधी मोशे आणि अहरोन पालथे पडून देवाला विचारतात, की पाप एकाचं, मग कोप साऱ्या मंडळीवर का? विलायतेत गांधीजींनी हे पुस्तक वाचलं होतं. ते त्यांना रुचलं नव्हतं. बारडोलीसाठी मात्र तोच प्रश्न विचारावासा वाटतो. इथल्या कुणी काडीही ओढली नव्हती.

१२ फेब्रुवारी, रविवार. कार्यकारिणी कायदेभंग स्थगित करते. संध्याकाळी गांधीजी पाच दिवसांचं उपोषण सुरू करतात, फक्त पाण्यावर. लोकांचा अपराध त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला, याला माझ्या लेखी तोड नाही. तरी फासाचा दोर त्यांच्या वाट्याला येणार नव्हता.

२४ फेब्रुवारी, दिल्ली. काँग्रेस महासमितीच्या बैठकीला सुरुवात. तिथे नागपूरचे डॉ. मुंजे गांधीजींवर ठपका ठेवणारा ठराव मांडतात. तो फेटाळला जातो.

१८ मार्च. राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची कैद.

जानेवारी १९२३. चौरीचौऱ्याच्या १७२ जणांना सत्र न्यायालय फाशी सुनावतं. अलाहाबाद हायकोर्टात त्यांच्यासाठी मदनमोहन मालवीय उभे राहतात. १९ जणांची फाशी कायम राहते, आणि जुलैत ते फासावर जातात.