जुना, न वटवलेला चेक सापडला तर काय करावे?

चेकची (धनादेशाची) मुदत संपली की बँक त्यावर पैसे देत नाही. मात्र ज्या रकमेसाठी तो दिला होता, ते देणे मुदतीबरोबर संपत नाही. त्यामुळे जुना चेक फाडून टाकू नये आणि घाईने बँकेतही भरू नये. तो कोणी, कशासाठी आणि कधी दिला, हे आधी पाहावे. पुढची वाट त्यावरच ठरते.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीसारख्या (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर) गावात असा चेक अनेक कारणांनी घरात असू शकतो. वाघाने मारलेल्या बैलाची नुकसानभरपाई, तेंदूपानाचा बोनस, रिसॉर्टमधली मजुरी, नाहीतर व्यापाऱ्याने दिलेले धानाचे पैसे. आता सरकारी रक्कम बहुतेक वेळा थेट खात्यात येते, पण जुन्या फाइलींत चेक राहून गेलेले असतात.

चेक किती दिवस चालतो?

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१२ पासून चेक, डिमांड ड्राफ्ट आणि पे ऑर्डर त्यांवरील तारखेपासून ३ महिनेच चालतात. त्याआधी ही मुदत ६ महिने होती. मुदत मोजायची ती चेकवर लिहिलेल्या तारखेपासून, चेक हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. मुदत अजून बाकी असेल तर चेक लगेच खात्यात भरावा.

मुदत संपलेला चेक भरला तर तो परत येतो आणि बँक शुल्कही कापू शकते. असा चेक परत आला म्हणून चेक देणाऱ्यावर कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येत नाही. त्या कलमासाठी चेक मुदतीत बँकेत भरलेला असावा लागतो.

तारीख बदलून चालेल का?

चेक घेणाऱ्याने तारखेला हात लावू नये. परवानगीशिवाय केलेल्या खाडाखोडीने चेक रद्दबातल ठरतो आणि फसवणुकीचा आरोपही येऊ शकतो. चेक देणाऱ्याने स्वतः तारीख बदलून सही केली तर काही वेळा बँक तो स्वीकारते, पण नवा चेक किंवा थेट खात्यात रक्कम मागणे जास्त सुरक्षित आहे. फार जुना चेक असेल तर तो आजच्या सीटीएस नमुन्यातला नसण्याचीही शक्यता असते.

चेक खासगी व्यक्तीचा किंवा व्यावसायिकाचा असेल तर

१. चेकच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा.

२. आपल्या पासबुकात ती रक्कम नंतर दुसऱ्या मार्गाने जमा झाली होती का, ते तपासावे. कधी कधी चेक हरवला असे समजून रोख पैसे दिलेले असतात.

३. चेक देणाऱ्याला लेखी कळवून नवा चेक मागावा. मूळ चेक नवा चेक हातात आल्यावरच परत द्यावा.

४. दाद मिळाली नाही तर दिवाणी दावा करता येतो. साध्या देण्यासाठी मुदत कायद्यानुसार ही मुदत ३ वर्षांची असते आणि ती पैसे देणे लागू झाल्यापासून धरतात. म्हणजे जून २०२४ च्या मजुरीचा दावा साधारणपणे जून २०२७ च्या आत व्हायला हवा.

तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने "पैसे द्यायचे आहेत" असे लिहून सही केली तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणून तोंडी आश्वासनावर थांबू नये. तीन वर्षे उलटून गेली असतील तरी सहीनिशी दिलेले नवे लेखी वचन कायद्याने ग्राह्य धरले जाते.

चेक सरकारी कार्यालयाचा असेल तर

बँकेत न जाता चेक ज्या कार्यालयाने काढला तिथे जावे. वनविभागाच्या भरपाईसाठी हे बहुधा उपवनसंरक्षकांचे कार्यालय असते. वनपरिक्षेत्र कार्यालयातून जुन्या प्रकरणाचा शोध लागू शकतो. मुदत संपलेला चेक रद्द करून नवा चेक काढणे किंवा रक्कम खात्यात जमा करणे हे काम त्या कार्यालयाचे आहे.

अर्जात पुढील गोष्टी असाव्यात:

- चेक क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँकेची शाखा
- रक्कम कशाची आहे (उदा. बैल मृत्यू) आणि घटनेची तारीख
- पंचनामा किंवा मंजुरी पत्राची प्रत असल्यास ती
- आधार आणि पासबुकाची प्रत
- चेक वटवलेला नाही आणि रक्कम मिळालेली नाही, असे निवेदन

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांत विचारता येते: हा चेक वटला, रद्द झाला की नव्याने काढला? माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते.

चेकसोबत मुदत ठेवीची पावती आहे का?

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्रात वारसांना मिळणाऱ्या मदतीचा काही भाग चेकने आणि उरलेला मुदत ठेवीत दिला जातो. त्यामुळे अशा फाइलीत चेकबरोबर ठेवीची पावतीही शोधावी. चेक तीन महिन्यांत निकामी होतो, ठेव होत नाही. दहा वर्षे दावा न झालेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग करते, पण त्यानंतरही ठेवीदार किंवा वारस ती बँकेकडून मागू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'उद्गम' पोर्टलवर नावाने अशा ठेवी शोधता येतात. कोणाच्या खात्यावरचा न वटलेला चेक मात्र तिथे दिसत नाही.

बँकेचे नाव बदलले असेल तर

बँक विलीन झाली म्हणून पैसे बुडत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीत शाखा असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामील झाली. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. ठेवीची किंवा ड्राफ्टची चौकशी नव्या बँकेत करावी.

ज्याच्या नावाचा चेक, ती व्यक्ती हयात नसेल तर

वडिलांच्या नावाचा चेक मुलाने आपल्या खात्यात भरता येत नाही. मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून चेक देणाऱ्याकडे वारसाच्या नावाने रक्कम मागावी. वारस अनेक असतील तर इतरांचे संमतीपत्र मागितले जाते. चेक देणाराच वारला असेल तर त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून देणे मागता येते. त्याच्या वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

डिमांड ड्राफ्ट सापडला तर

ड्राफ्टचे पैसे बँकेकडे आधीच भरलेले असतात. ज्याने तो काढला त्याच्या अर्जावरून बँक ड्राफ्टची मुदत वाढवून देते किंवा तो रद्द करून पैसे परत करते. म्हणून दुसऱ्याने काढलेला जुना ड्राफ्ट सापडला तर आधी त्या व्यक्तीशी संपर्क साधावा.

थोडक्यात

तीन महिन्यांच्या आत असेल तर चेक बँकेत भरावा. मुदत संपली असेल तर चेक देणाऱ्याकडे लेखी मागणी करावी आणि तीन वर्षे उलटण्याआधी ती तडीस न्यावी. "पैसे काढून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती मूळ चेक देऊ नये. रक्कम मोठी असेल किंवा तीन वर्षे भरत आली असतील तर वकिलाचा सल्ला घ्यावा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदत मिळते.