विशाळगडचें लोखंड आणि जडावलेले इलेक्ट्रॉन

शाहूवाडी तालुक्यांत, सह्याद्रीच्या कडेला, विशाळगड उभा आहे. त्या परिसरांत जांभ्या दगडाबरोबर सांपडणाऱ्या खनिजापासून एके काळीं लोखंड गाळीत असत. मजुरी व सरपण महागलें, परदेशी लोखंड स्वस्त झालें, आणि एकोणिसाव्या शतकांत हा धंदा मोडकळीस आला. भट्ट्यांचा इतिहास येथेंच संपविण्याची चाल आहे. आम्हांस तो पुढें नेणें अवश्य वाटतें.

तांबडें लोहखनिज भट्टींत एकदम लोखंड होत नाहीं. मध्यें तें मॅग्नेटाइट, म्हणजे काळा चुंबकपाषाण, बनतें. तेथील डोंगरांच्या काळ्या फत्तरांतही या जातीचे बारीक कण असतात. हा पाषाण ज्या स्पायनेल-कुळांतला, त्याची घडण १९१५ सालीं ब्रॅग व निशिकावा यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें उलगडली. तींत धातूचे कित्येक अणु चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात, आणि चतुष्फलकाची प्रत्येक बाजू त्रिकोणी असते. आतां समजा, प्रत्येक अणु हा चिमुकला चुंबक असून शेजाऱ्याच्या उलट तोंड करूं पाहतो. त्रिकोणांत एकानें वर आणि दुसऱ्यानें खालीं तोंड केलें, तर तिसऱ्यानें काय करावें? या कुचंबणेमुळें तेथें शिस्त लागणें किती अवघड आहे, हें १९५६ सालीं अँडरसन यांनीं दाखविलें.

पुढें १९७५ सालीं सीरियम व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांत, शेंकडों पट जड असल्याप्रमाणें वागणारे इलेक्ट्रॉन आढळले. अणूला जखडलेल्या इलेक्ट्रॉनांत भटके इलेक्ट्रॉन गुंततात, म्हणून ते जडावतात, असा उलगडा झाला व तो सर्वमान्य ठरला.

परंतु १९९७ सालीं अमेरिकेंतील एम्स येथील प्रयोगशाळेनें लिथियम व व्हॅनेडियम यांचें ऑक्साइड पारखलें. तें स्पायनेलच, सीरियमसारखा जखडलेला इलेक्ट्रॉन त्यांत नाहीं. तरी परम शून्याजवळ त्याच्या इलेक्ट्रॉनांची विशिष्ट उष्णता, समान रेणुसंख्या घेतली असतां, तांब्याच्या सुमारें ६०० पट भरली. आणि चुंबकांची शिस्त मात्र कोठेंच दिसेना! हा जडपणा कुचंबणेंतून येतो, असें कित्येक म्हणतात. दुसरे जुनाच उलगडा थोडा फिरवून लावतात. वाद मिटलेला नाहीं.

आमच्या मतें यांत इतिहासाचा एक धडा आहे. एका पदार्थास लागू पडलेलें कारण सर्वांस लागू मानणें सोपें, पण धोक्याचें. विशाळगडचे कारागीर ज्या पाषाणकुळास भट्टींतून रोज पार करीत, त्याच कुळानें हें पंडितांना शिकविलें.