दुष्काळातील शेजारधर्म : पंडिता रमाबाई आणि केडगाव (१८९६–१९००)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ख्रिस्ती सेवाकार्याचा विचार बहुधा मिशनांच्या अहवालांच्या आधारे केला जातो. संस्था, इमारती, देणग्या यांची नोंद त्यांत सापडते. परंतु संकटग्रस्ताच्या दारी स्वतः जाणारी व्यक्ती त्यांत हरवते. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाईंच्या दुष्काळकार्याकडे या दुसऱ्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात सरकारी मदतीची यंत्रणा अस्तित्वात होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या संहितेनुसार खडी फोडणे, तलाव खोदणे अशी कामे काढून पोटापुरती मजुरी दिली जात असे. रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या, तेव्हा या छावण्यांत निराधार तरुण मुलींची अब्रू सुरक्षित नाही, मुकादमांपासून कुंटणखान्याच्या दलालांपर्यंत अनेकांची नजर त्यांच्यावर आहे, हे त्यांनी पाहिले व निर्भीडपणे लिहिले. अन्न मिळाले म्हणजे साहाय्य झाले, हे गृहीतकच त्यांनी नाकारले. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या.

या धावपळीमागे केवळ धर्मश्रद्धा होती असे म्हणणे अपुरे ठरेल. मद्रास इलाख्यातील दुष्काळात, १८७४ मध्ये, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व पाठोपाठ आई उपासमारीने गेली. थोरली बहीणही पुढे वारली. पुराणे सांगून जगणाऱ्या या विद्वान कुटुंबाला अंगमेहनतीचे काम येत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती, असे रमाबाईंनी १८९७ मध्ये आपल्या दुष्काळाच्या अनुभवांविषयी लिहिताना नमूद केले आहे. केडगावी शेती, विणकाम, छपाई यांसारखी कामे मुलींना शिकविण्याचा आग्रह कोठून आला, याचा उलगडा येथे होतो. मिशनांच्या औद्योगिक शाळांचे अनुकरण एवढेच त्याचे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही.

दुष्काळाने रमाबाईंच्या संस्थेचे स्वरूपही पालटले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले व पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साहाय्याची हमी दिली होती, ती याच कार्यासाठी. मध्य प्रांतातून आलेल्या मुली निरनिराळ्या जातींच्या होत्या; त्यांचा भार मूळ योजनेत बसत नव्हता. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणेही अशक्य झाले. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगाव येथे घेतलेली जमीन अशा वेळी उपयोगी पडली. आधी तंबू, झोपड्या. इमारती नंतर आल्या. 'मुक्ती'चा आरंभ असा निकडीतून झाला. याच काळात पुण्याच्या प्लेगव्यवस्थेत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मधील पत्रातून उघड केली. सरकारने आरोप नाकारले. पण राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेली ही स्त्री राज्यकर्त्यांची आश्रित नव्हती, हे मात्र दिसून आले.

या कार्याचा दुसरा, अधिक अवघड प्रश्न टाळता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. 'केसरी'ची टीका कडवट होती, तथापि तिचा गाभा निराधार नव्हता. दुष्काळातील मुलींच्या बाबतीत असे वादळ उठू शकले नाही, कारण त्यांना परत नेणारे कोणीच उरले नव्हते. केडगावच्या वातावरणात ख्रिस्ती उपासना सर्वत्र होती आणि आश्रिताची संमती किती स्वतंत्र मानावी, हा प्रश्न तेथे अधिक तीव्र होतो. मात्र त्याच समाजातील किती जणांनी या मुलींसाठी घराचे दार उघडले, हेही विचारावे लागते. एका प्रश्नाने दुसरा खोडला जात नाही.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी मुक्तीतील कार्यकर्त्या स्त्रियांना तिकडे पाठविले. रेल्वेने मुलींचे जथे केडगावला येऊ लागले आणि आश्रितांची संख्या सुमारे २,००० पर्यंत पोहोचली. अशा ठिकाणी विहिरी खोदणे हेच काही काळ मुख्य काम होऊन बसले.