'औषध' पोटात गेलं, पण कोणतं?

आजचा विषय आपल्या बुलढाण्यातल्या प्रत्येक शेतकरी घराशी जोडलेला आहे.

आपल्याकडे कपाशीवर फवारायच्या विषालाही 'औषध'च म्हणतात. पेशंटला दवाखान्यात आणलं की नातेवाईक सांगतात, "औषध पोटात गेलं." पण कोणतं? ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर त्याला खात्रीचा उताराच नाही. उलट गरज नसताना दिलेला ऑक्सिजनही फुप्फुसांचं नुकसान वाढवू शकतो. म्हणून डब्यावरचं नाव लवकर कळणं फार महत्त्वाचं.

शिकागोमधले फार्मासिस्ट लुई गडालमन अशी माहिती कार्डांवर लिहून ठेवायचे. डॉक्टर त्यांना फोन करून विचारायचे. १९५३ मध्ये त्याच शहरात अमेरिकेतलं पहिलं विष नियंत्रण केंद्र सुरू झालं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू व्हायला १९९५ साल उजाडलं.

अशा केंद्राचं दुसरं काम म्हणजे नोंदी जुळवणं. प्रत्येक गावाला वाटतं, आपला पेशंट एकटाच आहे. सगळे फोन एका ठिकाणी आले तर साथ लवकर दिसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. चौकशीसाठी एसआयटी नेमली, पण माणसं गेल्यावर.

मग जानेवारी २०२५, आपला शेगाव तालुका. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. आधी शाम्पू, पाणी, बुरशी असे अंदाज झाले. पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सेलेनियमकडे बोट दाखवलं आणि रेशनच्या गव्हावर संशय व्यक्त केला. तोवर काही आठवडे निघून गेले होते.

विषबाधेत वेळच कमी असतो. म्हणून आत्ताच एम्सच्या केंद्राचा टोल फ्री नंबर सेव्ह करा: १८०० ११६ ११७. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ आहेच. मनानं उलटी करवू नका. डबा फेकू नका, लेबलचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. हा एपिसोड गावच्या ग्रुपवर टाका, फवारणीच्या आधी. भेटू पुढच्या भागात!